दाखला गावचा, प्रश्न देशाचा

नांदे (ता. मुळशी) : शेजारची सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. दुसऱ्या अंगाला हिंजवडी-माणची कंपन्यांची वसाहत. या दोहोंच्या मध्ये नांदे अजून ग्रामपंचायतीचेच गाव आहे. जिथे भाताची खाचरं होती तिथे आता बांधकामाच्या पराती चालतात. कामावरचा गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी कोण पश्चिम बंगालचा, कोण बिहारचा, कोण झारखंडचा, तर कोण आपल्याच मराठवाड्याचा. या माणसांना राहायला जागा लागते. ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे त्याने पत्र्याच्या खोल्या काढल्या. शेतीला जोड म्हणून महिन्याचे भाडे येऊ लागले. यात वावगे काहीच नाही.

पण मग एक दिवस खोलीतला माणूस ग्रामपंचायतीत येऊन उभा राहतो. "भाऊसाहेब, रहिवासी दाखला पाहिजे." बरोबर खोलीमालक असतो. "आपलाच माणूस आहे, द्या लिहून." शेतकरी बंधूंनो, सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक मंडळींनो, या एका दाखल्याविषयीच आज बोलायचे आहे. हा माणूस बंगालच्या मुर्शिदाबादचा आहे की सीमेपलीकडच्या बांगलादेशचा, हे कोणी ठरवायचे? आणि ठरवताना गावाचे काम नेमके किती?

चूक दोन्हीकडून होते

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरात शिरूर तालुक्यातल्या कारेगावात, रांजणगाव एमआयडीसीच्या पट्ट्यात, पोलिसांनी २१ बांगलादेशी नागरिकांना पकडले. त्यांतल्या काहींजवळ आधार आणि पॅन कार्डे निघाली. अशी कार्डे हवेतून येत नाहीत. कुठेतरी, कोणीतरी न पाहता पहिला कागद दिलेला असतो आणि पुढचे सगळे कागद त्या पहिल्याच्या खांद्यावर उभे राहतात.

आता दुसरी बाजू. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईजवळच्या मीरा रोडला काम करणाऱ्या एका गवंड्याला बांगलादेशी समजून ताब्यात घेण्यात आले. तो मुर्शिदाबादचा, म्हणजे भारताचाच. घरच्यांनी मतदार ओळखपत्र, आधार, रेशनकार्ड आणि गावच्या पंचायतीने खरी म्हणून शिक्का दिलेली वंशावळ पाठवली. तरीही त्याला सीमेपलीकडे ढकलून देण्यात आले. तो भारतीय असल्याची खात्री पटल्यावर त्याला परत आणावे लागले. त्याच महिन्यात असे प्रकार आणखी काही बंगाली मजुरांच्या बाबतीत झाले. हातावर पोट असलेल्या माणसाला आपल्याच देशातून बाहेर काढले जाणे म्हणजे काय, याचा विचार आपण आपल्या पोराला त्या जागी ठेवून करावा.

एका ठिकाणी डोळे मिटून कागद दिला गेला, दुसऱ्या ठिकाणी खरा कागद पाहिलाच गेला नाही. गावाने शिकायचे ते या दोन्ही गोष्टींतून.

अधिकार कोणाचा?

परदेशी माणूस देशात येणे, राहणे, त्याला परत पाठवणे आणि नागरिकत्व हे विषय राज्यघटनेने केंद्राच्या यादीत ठेवले आहेत. दिल्लीहून प्रत्येक जिल्ह्यात माणूस पाठवणे शक्य नाही, म्हणून केंद्राने १९५८ मध्येच हे अधिकार राज्य सरकारांकडे सोपवले. प्रत्यक्ष काम पोलीस करतात. जिल्ह्यात परकीय नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते, शहरात पोलीस आयुक्तालयात.

कायदाही बदलला आहे. १९४६ चा जुना परकीय नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे तीन कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा २०२५' लागू झाला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटा पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला आणि पुरवणाऱ्याला २ ते ७ वर्षे कैद आणि १ ते १० लाख दंड आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही त्या माणसावरच आहे. म्हणून त्याच्या हातात खरा कागद असणे किंवा नसणे याला एवढे मोल येते.

या सगळ्या साखळीत ग्रामपंचायत कुठे बसते? ठरवणारी म्हणून कुठेच नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना पाणी, रस्ते, आरोग्य, शाळा असे अनेक विषय मिळाले, पण त्यांत नागरिकत्व नाही. ग्रामसभेने हात वर करून अमुक माणूस परदेशी असा ठराव केला तरी कायद्यात त्याला किंमत शून्य. सरपंचाने कोणाला भारतीय ठरवले तरी तेच.

हा विषय किती गुंतागुंतीचा आहे तेही पाहा. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना जमिनीवरच्या सीमेवरून यायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. तेव्हा सोसायटीच्या फाटकावरचा नेपाळी वॉचमन परदेशी असला तरी बेकायदा नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना केंद्राने कागदपत्रांच्या बाबतीत कारवाईतून सूट दिली आहे. आणि बंगाली ही तर आपल्या देशातल्या कोट्यवधी माणसांची मायबोली. भाषेवरून, दाढीवरून, लुंगीवरून चावडीत बसून निकाल देणारा माणूस चुकणारच.

तरी गावाच्या दप्तराशिवाय चालत नाही

ठरवायचा अधिकार नाही म्हणजे गावाचा संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सूचना दिल्या. ताब्यात घेतलेला संशयित जर 'मी भारताच्या अमुक राज्यातला' म्हणत असेल, तर त्याची माहिती त्या राज्याकडे आणि जिल्ह्याकडे पाठवायची आणि ३० दिवसांत पडताळणी करून घ्यायची. म्हणजे इथून निघालेला कागद फिरत फिरत शेवटी बंगालमधल्या कुठल्यातरी पंचायतीच्या टेबलावर जातो. तिथला कारकून जन्माचे रजिस्टर, घरपट्टीची वही, मतदार यादी उघडतो. ती नोंद खरी असली तर माणूस सुटतो. नोंदच नसली तर अडकतो.

आपल्याकडे कुणबी नोंदी शोधताना काय झाले ते आठवा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी दप्तरं पालथी घातली गेली. कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, शंभर वर्षांपूर्वीची मोडीतली एक ओळ सापडली की घराचे भाग्य उजळले. ती ओळ लिहिणाऱ्याला कुठे ठाऊक होते की पणतूचा दाखला तिच्यावर निघणार आहे? त्याने जे होते ते लिहिले, एवढेच. आजच्या ग्रामसेवकाचे, ज्याचे पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झाले, त्याचेही काम तेच आहे.

जन्माची नोंद सगळ्यात महत्त्वाची

नागरिकत्वाच्या कायद्यात जन्मतारखेला मोठा अर्थ आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याच्या आई-बापांपैकी एक तरी भारतीय हवा. त्यापुढच्या जन्मांना एक पालक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आता लक्षात येईल की तारीख दोन वर्षे मागे सरकवून द्या म्हणणारा माणूस काय मागतो आहे. शाळेच्या प्रवेशापुरते आहे असे तो म्हणेल. पण तारीख एकदा दप्तरात गेली की ती कुठे वापरली जाईल यावर कोणाचा ताबा राहत नाही.

नियम असा आहे. जन्म २१ दिवसांत नोंदवला तर फुकट. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. एक वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाच्या लेखी परवानगीने. एक वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पुष्कळ ठिकाणी तहसीलदारांकडे आला. लोकांचा कोर्टाचा हेलपाटा वाचावा, हा हेतू चांगला होता.

पण मग नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात उशिरा नोंदीच्या दाखल्यांवरून आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक बसले, अधिकारी निलंबित झाले, राज्यभर असे दाखले देणे थांबवले गेले. मार्च २०२५ मध्ये महसूल विभागाने कडक कार्यपद्धती आणली. पुरावे तपासायचे, जाहीर प्रकटन द्यायचे, पोलिसांचा अभिप्राय घ्यायचा. त्याच वर्षाच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनीचा प्रकार बाहेर आला. जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव आणि ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी! ग्रामपंचायतीच्या संगणकी खात्याचा कोणीतरी परस्पर गैरवापर केला होता. गुन्हा दाखल झाला, तपासाला पथक बसले.

सरपंच मंडळी, तुमच्या ग्रामपंचायतीच्या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे? ऑपरेटर पोराने तो भिंतीवर चिकटवून तर ठेवला नाही? या महिन्यात गावात किती बाळे जन्मली आणि पोर्टलवर किती दिसतात, हे कोणी ताडून पाहते का? पूर्वी शिक्का कुलुपात असे. आता पासवर्ड हाच शिक्का आहे.

सुक्याबरोबर ओले जळू नये

कडक नियम आले की घाबरलेला कर्मचारी सगळ्यांनाच नाही म्हणू लागतो. "वरून बंदी आहे" म्हटले की त्याची सुटका होते. पण याचा पहिला फटका कोणाला बसतो? आपल्या मुळशीत कातकरी समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरात राहिलेला. मूल कधी वीटभट्टीवर जन्मते, कधी पाड्यावर, आणि नोंद राहून जाते. केंद्राने कातकऱ्यांना अतिमागास आदिम जमातींत धरले आहे आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरापासून दाखल्यापर्यंत त्यांना द्यायचे ठरवले आहे. या माणसाहून इथला जुना रहिवासी कोण? पण कागद दाखव म्हटले तर त्याचा हात रिकामा असतो. पारध्यांची, भटक्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची तीच तऱ्हा.

तेव्हा उशिरा नोंदीचा अर्ज आला तर तो नाकारायचा नाही. ठरलेल्या वाटेने वर पाठवायचा. अंगणवाडीची वही, आशाताईंची नोंद, शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, जे मिळेल ते जोडायला मदत करायची. बेकायदा घुसखोराला रोखायचे म्हणून आपल्याच कातकऱ्याला परका करणे याला शहाणपण म्हणत नाहीत.

माहिती द्या, धाड घालू नका

पोलीस पाटलाचे काम १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने सांगितले आहे. गावाच्या शांततेला बाधा येईल अशी माहिती ठाण्याला कळवायची. संशय असेल तर लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि पुढचे पोलिसांवर सोपवावे. पोरांचे टोळके घेऊन रात्री खोल्यांवर जाणे, आधार हिसकावून घेणे, मोबाईलवर चित्रण करून गावभर फिरवणे हे काम कोणाचेच नाही. तसे करणाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

जबरदस्तीचा शेवट कसा होतो त्याचे एक जुने उदाहरण आहे. १९९८ च्या जुलैत मुंबई पोलीस जरीकाम करणाऱ्या बंगाली मजुरांना बांगलादेशी ठरवून हावड्याच्या गाडीने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवून नेले. ही माणसे आमच्याच राज्यातली, असा तिथल्या लोकांचा दावा. दोन राज्यांत मोठा वाद झाला. नेण्यापूर्वी त्यांच्या गावी विचारणा झाली असती तर ही वेळ आली नसती.

हा पेच एकट्या आपल्यापुढे नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातल्या एका कलमाने केंद्राचे इमिग्रेशन खाते स्थानिक शेरीफशी करार करून त्याच्या माणसांना हे काम देऊ शकते. काही ठिकाणी असे करार होतात. उलट कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून आपल्या पोलिसांवर याबाबत मर्यादा घातल्या. तिथला युक्तिवाद असा की स्थानिक शिपायाची भीती बसली तर परदेशातून आलेला माणूस चोरी झाली, मारहाण झाली तरी सांगायला येत नाही. आपल्याकडे पोलीस राज्याचे आणि अधिकार सोपवलेला, त्यामुळे तसा वाद इथे लागू नाही. पण भीतीचा मुद्दा इथेही तितकाच खरा आहे. खोल्यांतल्या बाया ग्रामपंचायतीला भिऊ लागल्या तर बाळाचा डोस चुकेल, डेंगीचा ताप लपवला जाईल, बाळंतपणाची नोंद होणार नाही. तो ताप मग खोल्यांपुरता राहत नाही, गावात येतो.

आता करायचे काय?

खोलीमालक शेतकऱ्यांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. भाडे रोख मिळते म्हणून कागद टाळू नका. भाडेकरूचा फोटो, मूळ गावचा पत्ता, तिथल्या नातेवाइकाचा फोन आणि कामावर आणणाऱ्या ठेकेदाराचे नाव घ्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा. भाडेकरू परदेशी असेल, मग तो विद्यार्थी असो की कंपनीतला साहेब, त्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे जागा देणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि आधार पाहिले म्हणजे काम झाले असे मानू नका. आधार कायद्यातच लिहिले आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. १८२ दिवस देशात राहिलेल्या कोणालाही तो मिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही.

ठेकेदाराला सोडू नका. माणसे तो आणतो, मग यादीही त्यानेच द्यायला हवी. परराज्यातल्या मजुरांसाठी १९७९ चा वेगळा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या श्रम संहितेत सामावला आहे. बांधकाम परवाना घेणाऱ्या बिल्डरकडे ग्रामपंचायतीने मजुरांची यादी लेखी मागावी.

ग्रामपंचायतीने दाखल्यावर जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. 'अमुक इसम अमुक मिळकतीत अमुक महिन्यापासून भाड्याने राहतो' असे लिहिता येते, कारण घरपट्टीचा उतारा आणि मालकाचा जबाब समोर असतो. 'हा गावचा कायम रहिवासी असून भारतीय नागरिक आहे' असे ओळखीवर लिहिता येत नाही. पुष्कळ कामांना आता स्वयंघोषणापत्र चालते. तिथे अर्जदाराच्या खरे-खोट्याची जबाबदारी त्याच्या सहीवर राहू द्यावी. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची जावक नोंद आणि जोडलेल्या कागदांची प्रत ठेवावी. उद्या पोलिसांचे पत्र आले तर उत्तर पाच मिनिटांत देता आले पाहिजे.

आणि दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून आपल्या गावच्या माणसाविषयी विचारणा आली तर ते पत्र टपालाच्या गठ्ठ्यात पडू देऊ नका. आपल्या तालुक्यातलेही कोणी कामासाठी दूर गेलेले असते. त्याच्याजवळची पिशवी हरवली, कोणी हटकले, तर 'हा आमचा' असे सांगणारे दप्तर इथेच आहे. ३० दिवसांची मुदत त्या पत्राला असते, आणि तेवढे दिवस तो माणूस कुठेतरी बंद खोलीत बसलेला असतो. पत्र आल्या दिवशीच रजिस्टर काढा, नोंद पाहा, असेल तर आहे आणि नसेल तर नाही असे लिहून सही-शिक्क्यानिशी रवाना करा.